बालकाचे भय आणि त्याची नावे

चरकसंहितेच्या शारीरस्थानातील आठव्या अध्यायात, बालकाची खेळणी कशी असावीत हे सांगून झाल्यावर ग्रंथकाराने एक छोटासा निषेध घातला आहे. मूल रडत असले, जेवत नसले किंवा ऐकत नसले, तरी राक्षस, पिशाच, पूतना यांची नावे घेऊन त्याला भिवविणे योग्य नव्हे, असा त्याचा आशय. खेळणी रंगीत, नाद करणारी, हलकी आणि बोथट टोकांची असावीत, तशीच ती भय उपजविणारी नसावीत, ही अटही तेथेच आहे. सुश्रुतानेही बालकाला दटावू नये, झोपेतून एकाएकी जागे करू नये, कारण त्याने ते भेदरते, असे बजावले आहे. निषेध घालावा लागतो तो प्रचलित गोष्टीचा. तेव्हा ‘झोप, नाहीतर बागुलबुवा येईल’ या आपल्या घरगुती वाक्याचे पूर्वज त्या काळीही नांदत होते, असे मानण्यास हरकत नाही.

मात्र ज्या वैद्यकाने पूतनेचे नाव घेण्यास मनाई केली, त्यानेच पूतनेला रोगाचे कारणही मानले. सुश्रुताच्या उत्तरतंत्रात स्कंद, शकुनी, रेवती, पूतना इत्यादी नऊ बालग्रहांचे विवेचन आहे. क्षणात दचकणे, क्षणात भिणे, रडणे, नखांनी व दातांनी स्वतःला किंवा दाईला ओरबाडणे, अशी ग्रहपीडेची सामान्य लक्षणे माधवनिदानात दिली आहेत. ही लक्षणे आजच्या कोणत्याही एका व्याधीशी जुळविण्याचा मोह टाळला पाहिजे. ज्वर, आकडी, कुपोषण असे पुष्कळ काही त्या एका सदरात कोंबलेले आहे. येथे महत्त्वाचे एवढेच की भयाचे कारण बालकाच्या बाहेर मानले होते. याचा एक लाभ असा, की त्यात मुलाकडे दोष येत नसे. दृष्ट काढणारी आजी मुलाला भित्रा म्हणत नाही. तुला लागले आहे ते मी काढते, असे म्हणते, आणि मीठमोहऱ्या ओवाळीपर्यंत त्याच्याजवळ बसून राहते. उपायाची उपपत्ती चुकीची असली, तरी त्यातील सोबत खरी असते.

या बाबतीत युरोपीय भाषांनी आपल्यापेक्षा फार निराळे केले असे समजण्याचे कारण नाही. आज शहरी पालकांच्या तोंडी रुळलेल्या ‘पॅनिक’ या शब्दात पॅन हा ग्रीक देव दडलेला आहे. एकान्तात अकस्मात उठणारे निष्कारण भय त्याच्या नावावर जमा होई. म्हणजे हाही एक ग्रहच. ‘अँग्झायटी’चे मूळ आवळणे, गळा दाबणे या अर्थाच्या लॅटिन धातूत आहे, आणि संकट, कोंडी या अर्थाचा वैदिक ‘अंहस्’ शब्द त्याच कुळातला आहे. छाती आवळल्याची जाणीव शब्द घडविणाऱ्याला हजारो वर्षांपूर्वी होती, वैद्यकाला ती पुष्कळ उशिरा सुचली.

भयाचे कारण बाहेरून आत आले, तेव्हा मात्र मूलच ‘भित्रा’ ठरले. ग्रहपीडा उतरते, स्वभावाला औषध नसते. या समजुतीला खरा धक्का मेरी कव्हर जोन्स या अमेरिकन संशोधिकेने 1924 साली दिला. त्यापूर्वी चार वर्षे, 1920 मध्ये, वॉटसन व रेनर यांनी एका अर्भकाच्या मागे पोलादी दांड्यावर हातोडा आपटून त्याला पांढऱ्या उंदराची भीती ‘शिकविली’ होती आणि ती काढून न टाकताच तो प्रयोग संपला होता. विज्ञानाच्या इतिहासातील ही लाजिरवाणी गोष्ट आहे. जोन्सबाईंनी उलट बाजूने आरंभ केला. पीटर नावाच्या सुमारे तीन वर्षांच्या मुलाला ससा, उंदीर, पिसे, कापूस यांचे भय वाटे. त्याला आवडीचा खाऊ देत असताना पिंजऱ्यातील ससा आधी दूर, मग थोडा जवळ, असा आणला जाई. मध्यंतरी पीटर लाल तापाने आजारी पडून रुग्णालयात राहिला, परतताना मोठ्या कुत्र्याने त्याला घाबरविले आणि कमावलेले बहुतेक सारे गेले. बाईंनी पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात केली. अखेर सशाने त्याची बोटे कुरतडली तरी तो शांत राहू लागला.

जोन्सबाईंचा त्याच वर्षीचा दुसरा निबंध भाषेच्या अभ्यासकाला अधिक विचार करावयास लावणारा आहे. मुलाची समजूत घालणे, थट्टेने त्याची भीती दडपणे, लक्ष दुसरीकडे वळविणे, भीतिदायक वस्तू दीर्घकाळ दृष्टीआड ठेवणे, असे अनेक मार्ग त्यांनी ताडून पाहिले. निश्चित यश आले ते दोनच मार्गांना: सुखद अनुभवाशी सांगड घालणे, आणि न भिणाऱ्या मुलांच्या संगतीत ठेवणे. नुसत्या शब्दांनी भीती हटत नाही, हे निष्पन्न भाषाशास्त्रज्ञाला मुकाट्याने स्वीकारावे लागते. ‘काही झालेले नाही, उगीच बाऊ करू नकोस’ हे आपले आवडते वाक्य समजूत आणि थट्टा या दोन्ही निष्फळ वर्गांत एकदमच बसते.

मग शब्दांना काहीच काम उरत नाही काय? भयाचा एकाएकी येणारा झटका ही स्वतंत्र व्याधी म्हणून अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या वर्गीकरणात 1980 साली नोंदली गेली. 1986 मध्ये क्लार्क यांनी तिची उपपत्ती मांडली: छाती धडधडते, त्याचा अर्थ ‘मी आता मरणार’ असा लावला जातो, त्या अर्थाने धडधड वाढते, आणि चक्र सुरू होते. 1988 मध्ये नेलेस व बार्लो यांनी विचारले, की असा अर्थ लावण्याइतकी समज लहान मुलाला असते काय? हा विकार यौवनारंभापूर्वी विरळा आढळतो, हे आज सर्वमान्य आहे. परंतु झटके मुलांनाही येतात. अर्थ लावणे हे भाषेचे काम, आणि येथे मोठ्या माणसाचा शब्द उपयोगी पडतो. झटक्याच्या वेळी मुलाजवळ बसून, आपला आवाज खाली ठेवून ‘छाती धडधडते आहे, याने जीव जात नाही, थोड्या वेळात ओसरेल, मी इथेच आहे’ असे सांगावे आणि श्वास हळूहळू सोडावयास लावावे. दमा किंवा हृदयविकार नाही याची खात्री अर्थातच आधी वैद्याकडून करून घ्यावी. झटका ओसरल्यावर मात्र शाळा, गर्दी, अंधार असे भयाचे ठिकाण कायमचे टाळू देऊ नये. तेथे जोन्सबाईंच्या पायऱ्या चढाव्या लागतात. केंडाल यांनी 1994 मध्ये 47 मुलांवर घेतलेल्या चाचणीत अशा पायऱ्यांनाच आपल्या मनातले बोल ओळखण्याच्या शिक्षणाची जोड दिली होती आणि तिचे फळ चांगले आले.

मराठी मुलाला हे शिक्षण कोणत्या शब्दांत द्यावयाचे, हा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही. ‘चिंताविकृती’ हा परिभाषेचा शब्द तज्ज्ञाच्या टाचणापुरता ठीक. ‘काळजी’ तर दुहेरी शब्द आहे: आई मुलाची काळजी घेते आणि काळजी करतेही, त्यामुळे ‘तुला काळजी वाटते का?’ या प्रश्नाला आठ वर्षांचे मूल काय उत्तर देईल, याचा नेम नाही. या उलट पोटात गोळा येणे, छातीत धस्स होणे, जीव घाबरा होणे, हातपाय गळणे, घशाला कोरड पडणे हे वाक्प्रचार शरीराच्या नेमक्या ठिकाणी बोट ठेवतात. इंग्रजी प्रश्नावल्यांचे मराठीकरण करताना हेच आधी घ्यावेत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. आणि पुणे, कोकण व विदर्भ येथील मुलांच्या बोलीत त्यांची रूपे बदलतात काय, हे मुलांकडूनच ऐकून ठरवावे.