गाव करी ते राव न करी : मुलांच्या कोडिंग क्लबांचा छोटासा इतिहास

शनिवारी सकाळी इथल्या एखाद्या लायब्ररीत डोकावलात तर कोपऱ्यातल्या टेबलाभोवती आठ-दहा मुले लॅपटॉप घेऊन बसलेली दिसतील. फी नाही, परीक्षा नाही, गृहपाठ तर नाहीच! शिकवणारी मंडळी आठवडाभर आपापली नोकरी सांभाळून इथे वेळ देतात. आपल्यापैकी अनेकांची मुले अशा क्लबांना जातात, पण हे क्लब कुणी आणि कसे उभे केले हे फारसे कुणाला ठाऊक नसते. तो इतिहास जाणून घेण्यासारखा आहे, विशेषतः मंडळे चालवणाऱ्या आपल्यासारख्यांनी.

मुलांनी संगणक नुसता वापरू नये, त्याला स्वतः आज्ञा द्यावी, हा विचार तसा जुना. १९६७ साली अमेरिकेत सीमोर पॅपर्ट, वॉली फोयरझाइग आणि सिंथिया सॉलोमन यांनी मुलांसाठी 'लोगो' ही भाषा तयार केली. तिच्यातल्या कासवाला 'पुढे जा, उजवीकडे वळ' असे सांगत मुले भूमिती शिकत. ब्रिटनमध्ये १९८१ साली 'बीबीसी मायक्रो' आला, शाळाशाळांतून पोचला आणि एका पिढीला प्रोग्रॅमिंगची गोडी लागली. पुढे मात्र शाळेतला संगणकाचा तास म्हणजे पत्र टाइप करणे आणि तक्ते भरणे एवढाच उरला. जानेवारी २०१२ मध्ये रॉयल सोसायटीच्या अहवालाने या परिस्थितीवर नेमके बोट ठेवले.

शाळेबाहेर याआधीच काही हालचाल सुरू झाली होती. १९९३ साली बॉस्टनच्या कॉम्प्युटर म्युझियमने एमआयटी मीडिया लॅबच्या मदतीने 'कॉम्प्युटर क्लबहाउस' सुरू केले. शाळा सुटल्यावर गरीब वस्तीतल्या मुलांनी यावे आणि मनाला येईल ते बनवावे, अशी ती जागा. अशा मुलांना सोपे साधन हवे म्हणून मिचेल रेझनिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'स्क्रॅच' बनवले. मे २००७ मध्ये ते सर्वांसाठी खुले झाले. त्यात ठोकळे जोडून प्रोग्रॅम बनतो, आणि तो पूर्णपणे मोफत आहे. शिवाय एका मुलाने प्रसिद्ध केलेला खेळ दुसऱ्याला उघडून बघता येतो, बदलता येतो. मूळ मुलाचे नाव तिथे कायम राहते.

आता आयर्लंडमधले कॉर्क शहर. जेम्स व्हेल्टन या शाळकरी मुलाने आयपॉड नॅनोमध्ये करामत केल्याची बातमी झाली आणि शाळेतली मुले 'आम्हालाही शिकव' म्हणून मागे लागली. त्याने शाळेत क्लब काढला. पुढे उद्योजक बिल लियाव भेटले आणि २०११ साली दोघांनी कॉर्कमध्ये पहिला 'कोडर डोजो' भरवला. डोजो हा जपानी शब्द. कोल्हापूरकरांना 'तालीम' म्हटले की लगेच कळेल. सात ते सतरा वर्षांची मुले, शिकवायला स्वयंसेवक, आणि लहान मुलांचे आईवडील तिथेच बसलेले. वस्ताद एकच असा नाही. मोठी मुले धाकट्यांना शिकवत. मोफत आणि सुरक्षित, एवढ्या मोजक्या अटी पाळून कुणालाही आपल्या गावात डोजो काढता येई. २०१७ पर्यंत साठाहून अधिक देशांत हजारावर डोजो झाले.

लंडनमध्ये क्लेअर सटक्लिफ आणि लिंडा सँडविक यांनी २०१२ साली 'कोड क्लब' सुरू केला तो थोड्या वेगळ्या पद्धतीने. नऊ ते अकरा वर्षांच्या मुलांसाठी, शाळेतच, शाळा सुटल्यावर आठवड्यातून एक तास. इथली खरी मेख म्हणजे आधीच लिहून ठेवलेले धडे. पायरी-पायरीने समजावलेले स्क्रॅच, पायथन आणि वेबपानांचे प्रकल्प स्वयंसेवकाने छापून न्यायचे आणि मुलांसोबत बसायचे. त्यामुळे 'मला कुठे प्रोग्रॅमिंग येते?' म्हणणाऱ्या शिक्षिका आणि पालकही क्लब चालवू लागले. २०१४ च्या सप्टेंबरपासून इंग्लंडच्या अभ्यासक्रमात पाचव्या वर्षापासूनच प्रोग्रॅमिंग आले, तेव्हा गोंधळलेल्या अनेक शाळांना हे तयार धडे उपयोगी पडले. २०१५ साली कोड क्लब केंब्रिजच्या रास्पबेरी पाय फाउंडेशनमध्ये सामील झाला, आणि २०१७ साली कोडर डोजो फाउंडेशनही त्याच छत्राखाली आले. धड्यांचे भाषांतर करण्यासाठीही ठिकठिकाणचे स्वयंसेवक पुढे आले.

यात सारे गुळगुळीत होते असे नाही. स्वयंसेवकाची नोकरी बदलते, मूल होते, गाव सुटते. जागा मिळवणे, मुलांसोबत काम करणाऱ्यांची पोलीस-नोंद तपासणे, नादुरुस्त लॅपटॉप गोळा करून चालू करणे, ही कामे कोडिंगपेक्षा जास्त वेळ खातात. २०२० च्या महामारीत लायब्ऱ्या आणि शाळांची दारे बंद झाली आणि क्लबांना पडद्यावर यावे लागले. तरीही ही चळवळ टिकली, कारण धडे, साधने आणि नियम कुणा एकाच्या डोक्यात वा कपाटात नव्हते. एक जण गेला तर दुसरा तोच कागद उघडून पुढच्या शनिवारी वर्ग घेऊ शकत होता.

आपल्या रविवारच्या मराठी शाळांचे काय? तिथेही शिकवणारे स्वयंसेवकच. एखादी ताई वर्षानुवर्षे खपून सुंदर तक्ते, गोष्टी, खेळ तयार करते. ती दुसऱ्या शहरात गेली की नवी ताई पुन्हा 'अ अननसाचा'पासून सुरुवात करते. शेजारच्या शहरातल्या मंडळानेही तेच तक्ते वेगळे बनवलेले असतात, आणि एकमेकांना पत्ता नसतो. यंदा प्रत्येक वर्गाचा धडा एका पानावर लिहून सर्व मंडळांना उघडता येईल अशा एका ठिकाणी ठेवला, तर पुढच्या वर्षी येणाऱ्या नव्या शिक्षकाचे निम्मे काम झालेले असेल. यासाठी पैसा फारसा लागणार नाही. कार्यकारिणीच्या पुढच्या बैठकीत एक विषय मात्र मांडावा लागेल.