उन्मळलेल्या झाडाखालचा हिरवा खडा

१८२० सालच्या पानगळीतली गोष्ट. अमेरिकेतलं मेन राज्य तेव्हा जेमतेम काही महिन्यांचं होतं. तिथल्या पॅरिस गावाजवळच्या टेकडीवर एलायजा हॅमलिन आणि इझिकिएल होम्स हे दोन तरुण दिवसभर दगड हुडकत हिंडले आणि उन्हं कलल्यावर परतीला लागले. वाटेत वाऱ्याने उन्मळून पडलेलं एक झाड होतं. त्याच्या मुळांपाशी मातीत काहीतरी हिरवं लकाकलं. हातात आला तो पारदर्शक स्फटिक! अंधारून आलं होतं, म्हणून बाकीचा शोध दुसऱ्या दिवसावर टाकला. रात्रीतून बर्फ पडलं आणि टेकडी झाकली गेली ती थेट पुढच्या वसंतापर्यंत.

तो खडा टूर्मलिनचा होता. मराठीत त्याला तोरमल्ली म्हणतात; नावाचं मूळ सिंहली भाषेत आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला डच व्यापाऱ्यांनी श्रीलंकेतून हे खडे युरोपात नेले. तापवलेला खडा राख ओढून घेतो हे तिथे कोणाच्या तरी लक्षात आलं आणि डचांनी त्याचं नावच ‘राख ओढणारा’ असं ठेवलं. तापमान बदललं की या स्फटिकाच्या एका टोकाला धन आणि दुसऱ्याला ऋण विद्युत्भार येतो, त्याचा हा परिणाम.

मेनमधली ती टेकडी पुढे माउंट मायका, म्हणजे अभ्रकाचा डोंगर, म्हणून प्रसिद्ध झाली. तिचा खडक २५ कोटी वर्षांहून जुना आहे. जमिनीखाली खोलवर ग्रॅनाइटचा शिलारस निवत गेला, तसे फेल्डस्पार, क्वार्ट्झ, अभ्रक थिजत गेले. बोरॉन आणि लिथियम यांना या नेहमीच्या खनिजांत फारशी जागा मिळत नाही. ती उरलेल्या रसात, पाण्यासोबत साठत राहिली. बोरॉन आणि पाण्यामुळे हा रस पातळ राहिला, उशिरापर्यंत वाहता राहिला आणि शेवटी त्यातून पेग्मटाइट हा भरड खडक झाला. त्यात मधूनमधून पोकळ्या राहिल्या. चारी बाजूंनी दाबलेल्या दगडात जे जमत नाही ते इथे जमलं: स्फटिकांना मोकळेपणी वाढता आलं.

वाढता वाढता त्यांनी भोवतालच्या रसातला प्रत्येक बदल टिपून ठेवला. लोह भरपूर होतं तोवर काळा टूर्मलिन झाला. लोह घटलं, लिथियम वाढलं, तसा हिरवा आला. मँगेनीजने गुलाबी रंग दिला. काही स्फटिक आडवे कापले तर आत गुलाबी गर आणि बाहेर हिरवी साल दिसते, अगदी कलिंगडाच्या फोडीसारखी. या कापाचा आकारही ध्यानात राहणारा आहे: फुगीर बाजूंचा त्रिकोण. स्फटिकाच्या अंगावर उभ्या रेघा असतात. बोट आडवं फिरवलं तर त्या जाणवतात.

१८२२ मध्ये एलायजाचे धाकटे भाऊ सायरस आणि हॅनिबल यांनी त्याच टेकडीवर आणखी स्फटिक मिळवले. हा हॅनिबल पुढे अब्राहम लिंकन यांचा उपराष्ट्राध्यक्ष झाला. एलायजाचा मुलगा ऑगस्टस याने १८७३ मध्ये टूर्मलिनवर पुस्तकच लिहिलं. एका संध्याकाळच्या लकाकीने या घराला दोन पिढ्या झपाटलं होतं. माउंट मायकाचे निवडक खडे जडवलेला त्यांचा हार हार्वर्ड विद्यापीठाच्या संग्रहात आहे आणि १९७१ मध्ये मेनने टूर्मलिनला आपलं राज्यरत्न ठरवलं.