भाऊसाहेब, पार्वतीबाई आणि सात वर्षे

पाटसला आमच्या आळीत एक काकू होत्या. त्यांचे यजमान ट्रकवर सोलापूरकडे गेले, ते परत आलेच नाहीत. काकू कुंकू लावत राहिल्या आणि सातबाऱ्यावर यजमानांचे नावही तसेच राहिले. वारसनोंदीला मृत्यूचा दाखला लागतो, आणि दाखल्याला मृत्यू. पुढे पेशवाईचा इतिहास वाचताना शनिवारवाड्यातल्या पार्वतीबाई मला या काकूंसारख्याच दिसू लागल्या.

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊ गर्दीत दिसेनासे झाले. त्यांचे शव ओळखून दहन केल्याचे शुजाउद्दौल्याच्या पदरच्या काशीराज पंडिताने लिहून ठेवले आहे. पुण्यात मात्र संशय उरला. रणातून सुखरूप परतलेल्या पार्वतीबाईंनी वैधव्य स्वीकारले नाही. शास्त्रात सोय नव्हती असे नाही. परदेशी गेलेल्या पतीची धर्मकार्यासाठी आठ, विद्येसाठी सहा आणि कामासाठी तीन वर्षे वाट पाहावी, असे मनुस्मृती सांगते. रूढीने बारा वर्षांनी पळसाच्या पानांचा पुतळा करून पालाशविधी होई. १७७३ मध्ये बारा वर्षे भरली. भाऊंची उत्तरक्रिया झाली ती मात्र १७८३ मध्ये, पार्वतीबाई गेल्यावर.

हे कुंकू केवळ घरातले नव्हते. माधवरावांच्या काळात भाऊ म्हणवणारा एक इसम पकडला गेला. चौकशीत तो कनोजी ब्राह्मण निघाला आणि किल्ल्यांवर कैदेत पडला. १७७६ मध्ये रत्नागिरीचे सुभेदार रामचंद्र नाईक परांजपे यांनीच त्याला सोडले आणि पाहता पाहता कोकणातले किल्ले त्याच्याकडे गेले. महादजी शिंदे आणि भिवराव पानसे यांनी बंड मोडले, आंग्र्यांनी त्याला धरले, आणि त्याच डिसेंबरात पुण्यात त्याला देहदंड झाला. (न. चिं. केळकरांनी यावर नाटक लिहिले, त्यामुळे आपल्याला तोतया आठवतो, बाई आठवत नाहीत.) माझ्या मते भाऊंचा मृत्यू दरबाराने वेळीच जाहीर केला असता, तर तोतयाला एवढी जागा मिळाली नसती.

इंग्रजांनी १८७२ च्या पुरावा कायद्यात हा गुंता कलम १०८ ने सोडवला. जिवंत असता तर ज्यांना स्वाभाविकपणे खबर लागली असती, त्यांना सात वर्षे ती लागली नाही, तर तो जिवंत असल्याचे सिद्ध करण्याचे ओझे तसे म्हणणाऱ्यावर पडते. २०२३ च्या साक्ष्य अधिनियमात तेच कलम १११ झाले आहे. तोतयाच्या बाबतीत दरबाराने वेगळे काय केले होते?

पण या कलमाने माणूस मेला असे धरता येते. कधी मेला, ते नाही. आयुर्विम्याच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये हे स्पष्ट केले. प्रश्न न्यायालयापुढे येईल तेव्हाच हे गृहीतक लागते. बेपत्ता झाला त्याच दिवशी किंवा सात वर्षे भरली त्या दिवशी मेला, असे आपोआप ठरत नाही. मधल्या काळात हप्ते थकले, पॉलिसी बंद पडली, तर केवळ या कलमाच्या आधारावर विम्याची रक्कम मिळत नाही. म्हणजे परतण्याची आशा असो वा नसो, घरच्यांनी हप्ते भरत राहायचे!

काकूंच्या मुलाने एकोणीस वर्षांनी दिवाणी न्यायालयातून हुकूमनामा आणला. वारसनोंद झाली. श्राद्धाची तिथी कोणती धरायची, याचे उत्तर हुकूमनाम्यात नव्हते. गुरुजींनी सर्वपित्री अमावास्या सांगितली. त्या दिवशी काकूंनी यजमानांच्या नावाचे पान वाढू दिले नाही.