प्रगतिपुस्तकाचा दिवस

दहावी-बारावीचे निकाल लागतात त्या आठवड्यात अनेक शिक्षकांची झोप उडालेली असते. शाळेचा निकाल किती टक्के लागला, ही एक काळजी. नापास झालेला अमुक मुलगा घरी नीट पोचला ना, ही दुसरी. पहिल्या काळजीविषयी शिक्षकांच्या खोलीत भरपूर बोलणे होते, दुसरीविषयी फारसे नाही. काही वर्षांपूर्वी एका शिक्षक-शिबिरात मी हा विषय काढला, तेव्हा एक ज्येष्ठ गुरुजी कळकळीने म्हणाले, “बाई, हे बोलू नका. मुलांच्या डोक्यात नसेल तेही शिरेल.” मी मूळची प्रयोगशाळेतली, त्यांना देण्यासारखे उत्तर तेव्हा माझ्यापाशी नव्हते. पुढे शोध घेऊ लागले तेव्हा कळले की हा वाद शंभर वर्षांहून जुना आहे आणि त्यातला बराचसा भाग एकाच शहरात घडला आहे. ते शहर म्हणजे ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना.

एप्रिल १९१० मध्ये तेथील मनोविश्लेषण मंडळाने लागोपाठ दोन बैठका एकाच विषयावर घेतल्या. विषय होता आत्महत्या, आणि त्यातही शाळकरी मुलांची. सिग्मंड फ्रॉइड, आल्फ्रेड आडलर अशी बडी मंडळी उपस्थित होती. पण चर्चेला तोंड फोडले ते एका शिक्षकाने. डाव्हिड ओपेनहाइम हे माध्यमिक शाळेत ग्रीक आणि लॅटिन शिकवीत. ही चर्चा पुढे पुस्तकरूपाने छापली गेली, तेव्हा त्यांनी आपले नाव न देता ‘अनेकांपैकी एक’ अशा अर्थाचे लॅटिन टोपणनाव घेतले. (नोकरीतल्या शिक्षकाला या विषयावर स्वतःच्या नावाने बोलणे तेव्हाही सोपे नसावे.) शाळेवर येणारा ठपका त्यांना एकांगी वाटत होता. शाळेत न जाणारी, कामधंदा शिकणारी मुलेही जीव देतात. मग सगळा दोष शाळेचा कसा, असा या बचावातला एक मुद्दा होता.

मुद्दा बिनतोड वाटतो. फ्रॉइड यांना मात्र तो पटला नाही. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : इतर मुलांना बाहेरच्या जगात जे घाव सोसावे लागतात, त्यांची जागा विद्यार्थ्यांच्या बाबतीत कदाचित शाळाच घेत असेल, तेव्हा त्या आकड्यांनी शाळा निर्दोष ठरत नाही. शिवाय मुलांना मृत्यूकडे न ढकलणे एवढ्यावर शाळेचे काम संपत नाही. ज्या वयात घराशी असलेले नाते सैल होऊ लागते, त्या वयात शाळेने मुलाला जगण्याची ओढ आणि आधार दिला पाहिजे. मूल हे अपुऱ्या वाढीचे माणूस आहे आणि एखाद्या पायरीवर रेंगाळण्याचा त्याला हक्क आहे, असेही त्यांनी बजावले. समारोपात मात्र त्यांनी सरळ कबूल केले की आपण निर्णयाप्रत आलेलो नाही. वैज्ञानिकाच्या दृष्टीने ही कबुली मोलाची होती. शिक्षकाच्या दृष्टीने अडचण एवढीच, की दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन काय करायचे ते कोणीच सांगितले नव्हते.

ते सांगण्याचा पहिला मोठा प्रयत्न केला एका विद्यार्थ्याने. व्हिक्टर फ्रांकल हे नाव छळछावणीतील अनुभवांवरच्या पुस्तकामुळे आपल्याकडे परिचित आहे. पण १९२८ साली ते अवघे तेवीस वर्षांचे, वैद्यकाचे शिक्षण घेत असलेले तरुण होते. त्यांनी व्हिएन्नात तरुणांसाठी सल्लाकेंद्रे सुरू केली. पैसे द्यायचे नाहीत आणि बोललेले बाहेर जाणार नाही, एवढ्या भरवशावर मुले येऊ लागली. सल्ला देणारेही पदराला खार लावून, बहुधा आपल्या घरीच किंवा दवाखान्यात मुलांना भेटत. १९३० मध्ये फ्रांकल यांनी शाळांची प्रगतिपुस्तके वाटण्याच्या दिवसांत खास मोहीम हाती घेतली. पुढच्या वर्षी, १९३१ मध्ये, व्हिएन्नात एकाही विद्यार्थ्याची आत्महत्या झाली नाही. कित्येक वर्षांत असे प्रथमच घडले, अशी नोंद त्यांनी केली आहे.

येथे माझ्यातली संशोधक अडखळते. एका शहरातली एका वर्षाची संख्या मुळात लहान असते आणि ती आपोआपही वरखाली होते. अशी मोहीम न झालेल्या दुसऱ्या शहराशी तुलना केलेली नव्हती. म्हणून त्या शून्याचे सारे श्रेय मोहिमेला देता येणार नाही. पण धोक्याचा दिवस आधीच माहीत असतो, तो दिनदर्शिकेत छापलेला असतो, हे त्या तरुणाने ओळखले होते.

१९३८ मध्ये नाझी जर्मनीने ऑस्ट्रिया गिळंकृत केला. ओपेनहाइम आणि फ्रांकल दोघेही ज्यू. १९४२ मध्ये दोघांचीही रवानगी टेरेझिनश्टाट येथील छावणीत झाली. ओपेनहाइम १९४३ मध्ये तेथेच मरण पावले. फ्रांकल यांनी त्या छावणीतही नव्याने येणाऱ्या, खचलेल्या लोकांना धीर देणारे एक पथक उभे केले होते.

युद्धानंतर १९४८ मध्ये एर्विन रिंगेल या तरुण मनोविकारतज्ज्ञाने व्हिएन्नात जगण्याला कंटाळलेल्यांसाठी मदतकेंद्र काढले. मृत्यूच्या दारातून परत आलेल्या ७४५ जणांचा अभ्यास करून त्यांनी १९५३ मध्ये काही समान लक्षणे मांडली. माणसाचे जग आक्रसत जाते : मित्र, छंद, पुढचे बेत एकेक करून गळून पडतात आणि एकच वाट उरली आहे असे वाटू लागते. बाहेर काढता न आलेला राग स्वतःवरच उलटतो. मरणाचे विचार आधी मुद्दाम केले जातात, मग ते न बोलावता येऊ लागतात. यातले पहिले लक्षण वर्गशिक्षकाला दिसू शकते. मधल्या सुट्टीत खेळणारा मुलगा खेळेनासा होतो, वही अर्धवट सोडतो, ‘पुढच्या वर्षी’ हे शब्द त्याच्या बोलण्यातून नाहीसे होतात. हे सारे आळसाचे लक्षण म्हणून शेरा मारून मोकळे होणे फार सोपे असते.

आता गुरुजींच्या शंकेकडे वळू. बोलण्याने विचार डोक्यात शिरतो का? याचे अर्धे उत्तर पुन्हा व्हिएन्नातच मिळाले, आणि ते गुरुजींच्या बाजूने होते. तेथे भुयारी रेल्वे १९७८ मध्ये सुरू झाली. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून तेथे होणाऱ्या आत्महत्यांच्या बातम्या वृत्तपत्रे रंगवून छापू लागली आणि घटना वाढत गेल्या. १९८७ मध्ये तज्ज्ञांनी संपादकांना विनंतीवजा सूचना दिल्या : पहिल्या पानावर नको, छायाचित्र नको, कशी घडली त्याचे वर्णन नको, एकच सोपे कारण देऊ नका. संपादकांनी त्या मानल्या. त्या वर्षाच्या उत्तरार्धात भुयारी रेल्वेतील अशा घटना पूर्वार्धापेक्षा ८० टक्क्यांहून अधिक घटल्या. ‘गणितात नापास झाल्याने विद्यार्थिनीची आत्महत्या’ असा मथळा जो काही करतो, तो केवळ माहिती देण्यापुरता नसतो.

पण हे अर्धेच उत्तर. २०१० मध्ये व्हिएन्नातल्याच थॉमस निडरक्रोटेनथालर आणि सहकाऱ्यांनी ऑस्ट्रियातल्या सुमारे ५०० बातम्या तपासल्या. मनात असे विचार येऊनही संकटातून सावरलेल्या माणसांविषयीचे लेख छापून आल्यावर आत्महत्यांचे प्रमाण घटल्याचे त्यांना दिसले. या परिणामाला त्यांनी नाव दिले मोझार्टच्या १७९१ च्या संगीतिकेतील पापागेनो या पात्राचे. पापागेनो जीव द्यायला निघतो, तेव्हा तीन मुले येऊन त्याला त्याच्या जादूच्या घंटांची आठवण करून देतात आणि तो थांबतो.

आणि थेट विचारले तर? २००५ मध्ये मॅडेलिन गूल्ड यांच्या गटाने न्यूयॉर्क राज्यातील सहा शाळांतल्या २,३४२ विद्यार्थ्यांवर हेच तपासले. निम्म्यांना प्रश्नावलीत आत्महत्येच्या विचारांविषयी विचारले, निम्म्यांना नाही. विचारलेल्यांमध्ये ना अस्वस्थता वाढली, ना तसे विचार. आधीच खचलेल्या मुलांचा त्रास तर किंचित कमीच आढळला.

पुढची चाचणी शिक्षकांना थोडी खाली पाहायला लावणारी आहे. ऑस्ट्रियासह दहा युरोपीय देशांतील १६८ शाळा आणि ११,११० विद्यार्थी घेऊन केलेला हा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. काही शाळांत शिक्षकांना धोक्याची लक्षणे ओळखायला शिकवले. काही शाळांत तज्ज्ञांनी प्रश्नावलीवरून मुले हेरली. काही शाळांत मुलांनीच नाट्यप्रसंग, चर्चा आणि पुस्तिका यांच्या आधारे चार आठवड्यांत पाच तास या विषयावर काम केले. तुलनेसाठी ठेवलेल्या शाळांत फक्त भित्तिपत्रके होती. वर्षभराने ठळक फरक दिसला तो मुलांच्या कार्यक्रमातच : आत्महत्येचे नवे प्रयत्न तुलना-गटात १.५१ टक्के, तर येथे ०.७० टक्के. नुसत्या शिक्षक-प्रशिक्षणाने म्हणण्यासारखा फरक पडला नाही. म्हणजे शिक्षकांनी शिकू नये असे नव्हे. पण मुले आपले दुःख आधी मित्राला सांगतात, हे आपण विसरतो.

आपल्याकडे २०१५ पासून दहावीत नापास झालेल्यांची फेरपरीक्षा ऑक्टोबरऐवजी जुलैमध्ये होऊ लागली, जेणेकरून वर्ष वाया जाऊ नये. निकालाच्या दिवशी वर्गात ‘अजून जुलै आहे’ असे खात्रीने सांगता येणे, ही मला मोठी गोष्ट वाटते.

हे सगळे मी त्या गुरुजींना पत्राने कळवले. त्यांचे कार्ड आले : “पटले. पण विचारायचे कोणत्या शब्दांत?” मी माझ्या एका मनोविकारतज्ज्ञ मैत्रिणीला विचारून लिहिले, ते असे. एकांतात बसवा, पाठीवर शाबासकी किंवा उपदेश नको. “तू फार त्रासात दिसतोस. इतका त्रास होतो तेव्हा जगू नये, असं कधी मनात येतं का?” एवढेच. उत्तर ‘हो’ आले तर घाबरू नका, रागावू नका, ऐका. ‘कुणाला सांगणार नाही’ असे वचन मात्र देऊ नका. त्याला एकटे सोडू नका. पालकांना बोलवा, डॉक्टरांपर्यंत स्वतः पोचवा. २०२२ पासून सुरू असलेल्या सरकारी ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे, तेथे मराठीतही बोलता येते. तो फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवायला हरकत नाही.