जेलकोट चिकट का राहतो? फायबरग्लास होडीची उलटी गोष्ट

फायबरग्लासची जुनी होडी घरच्या घरी नवी करायला घेतलेल्या माणसाची एक ठरलेली तक्रार असते. जेलकोटचा डबा नवा, हार्डनर मोजून घातलेला, हवा उबदार, तरी दुसऱ्या दिवशी बोट लावलं की वरचा थर चिकटच! माणूस वैतागतो, दुकानदाराला बोल लावतो. माल बहुतेक वेळा चांगलाच असतो. खरं उत्तर शोधायला तुम्हाला सत्तर-ऐंशी वर्षं मागे जावं लागेल, या होड्या कारखान्यात कोणत्या क्रमाने बनायला लागल्या ते बघायला.

आधी एक गैरसमज दूर करू. जेलकोट म्हणजे रंग नव्हे. साधा ऑइलपेंट वाळतो तेव्हा त्यातला द्रावक उडून जातो. जेलकोटमध्येही स्टायरीन नावाचा पातळ, उग्र वासाचा द्रव असतो, पण तो उडून जाणं अपेक्षितच नाही. तो पॉलिएस्टरच्या साखळ्यांना एकमेकींशी बांधतो आणि स्वतःही त्या जाळ्याचा भाग होतो. म्हणजे जेलकोट वाळत नाही, घट्ट होतो. हा शब्दांचा खेळ नाही, पुढचं सगळं यावर उभं आहे.

आता इतिहास. कार्लटन एलिस या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात असंतृप्त पॉलिएस्टरवर पेटंटं घेतली. त्याच दशकात काचेचे बारीक धागे मोठ्या प्रमाणावर काढण्याचं तंत्र बसलं आणि १९३८ मध्ये ओवेन्स-कॉर्निंग ही कंपनी उभी राहिली, ओहायो राज्यातल्या टोलेडो शहरात. दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या रडारवर आवरण हवं होतं. धातू चालत नव्हता, कारण तो रडारच्या लहरी अडवतो. काच आणि पॉलिएस्टरची जोडी तिथे कामाला आली. टोलेडोतल्याच रे ग्रीन याने १९४२ मध्ये याच जोडीतून छोटी होडी केली, आणि ती सुरुवातीच्या फायबरग्लास होड्यांपैकी एक मानली जाते. पहिली कोणाची यावर शौकीन लोक हिरिरीने भांडतात. मला त्या वादात फारसा रस नाही. मला महत्त्वाचा वाटतो तो साचा.

लाकडी होडी कशी बनते ते डोळ्यांसमोर आणा. आधी तळाचा कणा, मग फासळ्या, त्यावर फळ्या, सांधे बुजवणं, आणि सर्वांत शेवटी रंग. सुतार आतून बाहेर येतो. फायबरग्लासच्या कारखान्यात क्रम नेमका उलटा. आधी होडीच्या आकाराचा पोकळ साचा घ्यायचा. त्याची आतली बाजू आरशासारखी घासून तिला मेण लावायचं, म्हणजे होडी नंतर सुटून येते. त्यावर पहिला थर जेलकोटचा. तो जरा घट्ट झाला की मागून काचेचं कापड आणि रेझिन, थरावर थर. शेवटी साच्यातून होडी उपसली की जो थर सर्वांत आधी लावला तोच बाहेर, चकचकीत! ती चकाकी जेलकोटने साच्याकडून घेतलेली असते.

जेलकोटचा स्वभाव या क्रमाशी जुळवलेला आहे. त्यात एमईकेपी हे पेरॉक्साइड साधारण एक ते दोन टक्के घालतात. डब्यात आधीच असलेलं कोबाल्टचं संयुग त्याला फोडतं, मुक्त मूलकं तयार होतात आणि साखळ्या जुळायला लागतात. हवेतला ऑक्सिजन मात्र मध्ये तोंड घालतो. तो वाढत्या साखळीच्या टोकाला चिकटतो, आणि हे नवं टोक पुढे वाढायला फार आळशी असतं. ऑक्सिजन पॉलिमरीकरण रोखतो हे रसायनशास्त्रज्ञांना १९४० च्या दशकातही माहीत होतं. पण कारखान्याला त्याची अडचण नव्हती. साच्याकडच्या बाजूला हवाच पोचत नाही, म्हणून ती कडक होते. हवेकडची मागची बाजू चिकट राहते, आणि ती तशी राहिलेलीच बरी, कारण त्यावर बसणारा पुढचा थर तिथे रासायनिक बंधाने जुळतो. घरी तक्रार होते तो चिकटपणा कारखान्याला हवाच होता.

मग हे घरापर्यंत आलं कसं? १९५९ च्या न्यूयॉर्क बोट शोमध्ये ऱ्होड आयलंडमधल्या ब्रिस्टल गावच्या क्लिंटन आणि एव्हरेट पिअर्सन या चुलतभावांनी ट्रायटन ही २८ फुटी शिडाची होडी मांडली. आराखडा कार्ल अल्बर्गचा. मध्यमवर्गीय कुटुंबाला परवडावी अशी ही होडी होती, आणि पुढच्या काही वर्षांत अशा ७०० हून अधिक ट्रायटन तयार झाल्या. दरवर्षी रंगवायची कटकट नाही, हे फायबरग्लासचं मोठं आकर्षण होतं. पण ऊन सगळ्यांना सारखंच. वर्षानुवर्षं अतिनील किरणं खाऊन जेलकोट खडूसारखा भुकटतो, रंग उडतो, बारीक भेगा पडतात. आतलं कवच मात्र ठणठणीत! त्या काळी भिंती बऱ्यापैकी जाड घालत. कातडी गेली आणि अंग शाबूत, अशा होड्या स्वस्तात हातोहात फिरू लागल्या, आणि साच्यासाठी घडवलेला पदार्थ माणसं अंगणात ब्रशने बाहेरून लावू लागली.

इथे क्रम पुन्हा उलटला. जेलकोट शेवटी आला आणि त्याचं तोंड हवेकडे झालं. त्यावरचा उपाय हुशारीचा आहे: शेवटच्या थरात स्टायरीनमध्ये विरघळवलेलं पॅराफिन मेण घालतात. थर घट्ट होऊ लागला की मेण त्यात मावेनासं होतं, वर येतं आणि पातळ पापुद्रा धरून हवा अडवतं. म्हणजे साच्याचं काम मेण करतं. पण फक्त शेवटच्याच थरात. आधीच्या थरात घातलंत तर पुढचा थर मेणावर बसेल आणि सुटून येईल. असं झालंच तर मधे घासून मेण काढावं लागतं.

दुसरी गोष्ट जाडीची. रंगासारखा पातळ हात मारला तर स्टायरीन जुळण्याआधीच उडतं, अभिक्रियेची उष्णताही टिकत नाही आणि थर कच्चा राहतो. सुमारे अर्धा मिलिमीटर जाडी लागते. शिवाय मागे साचा नाही, तेव्हा पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा येणार. मग २२० पासून १००० च्या पुढपर्यंत पॉलिश पेपर, पाण्याने घासणं, बफिंग. कारखान्यात साचा एकदा घासला की त्यातून कितीतरी होड्या निघतात. घरी तेवढीच मेहनत एका होडीवर. हे सगळं श्वसनमुखवटा आणि चष्मा लावूनच. स्टायरीनला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१८ मध्ये ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात टाकलं आहे, आणि एमईकेपीचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते.

एक भाबडा समज बरीच वर्षं टिकला, की जेलकोट पाणी अडवतो. १९७० नंतर जुन्या होड्यांच्या पाण्याखालच्या भागावर फोड दिसायला लागले. फोडले की आंबट वासाचा द्रव. १९८० च्या दशकात अमेरिकन कोस्ट गार्डसाठी ऱ्होड आयलंड विद्यापीठात यावर काम झालं. जेलकोट हा अर्धपार्य पडदा आहे. पाण्याचे रेणू हळूहळू आत झिरपतात, आतले न जुळलेले विद्राव्य घटक विरघळवतात, आणि परासरणाच्या दाबाने फोड उठतो. बारावीत शिकलेलं ऑस्मोसिस, दुसरं काही नाही! म्हणून पाण्याखाली नुसता नवा जेलकोट चढवण्यापेक्षा कवच वाळवून इपॉक्सीचे थर देण्याकडे कल गेला.

तुमच्या हातात अशी जुनी होडी, किंवा प्रयोगशाळेत तिचा तुकडा आला, तर आधी एक छोटा ठिपका तिरका, उतरता घासून बघा. नकाशातल्या समोच्च रेषांसारखी वलयं दिसतात: वर कोणीतरी मारलेला रंग, खाली लांबीचा ठिगळ, मग दुरुस्तीचा जेलकोट, त्याखाली मूळचा, आणि मग काचेची वीण. ॲसिटोनच्या बोळ्याने वरचा थर मऊ पडला तर तो एकघटकी रंग. मऊ पडला नाही तर दोन घटकांचा रंग किंवा जेलकोट. हा फरक वासावरून कळतो असं दुरुस्ती करणारे सांगतात: पॉलिएस्टर घासताना, साठ वर्षांनीही, स्टायरीनचा गोडसर वास येतो.