ज्वारीच्या दाण्यावर वाढलेली मित्रबुरशी

हरभऱ्याची पेरणी तोंडावर आली की चिखली-मेहकरकडच्या कृषी केंद्रात शेतकरी नुसतं ‘ट्रायको द्या’ म्हणतो. दुकानदार पुडी काढून देतो. आत फिकट हिरवट पूड असते. त्यात बहुतेक शंखजिरं, आणि त्याला चिकटलेले ट्रायकोडर्मा बुरशीचे जिवंत बीजाणू. किलोभर बियाण्याला चार-पाच ग्रॅम चोळायची, बियाणं सावलीत सुकवायचं आणि पेरायचं. मर रोगावरचा हा उपाय आता घाटावर काय, घाटाखाली काय, कुणाला नवा नाही.

नाव मात्र फार जुनं. पर्सून या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1794 साली ते ठेवलं. ग्रीकमध्ये ‘थ्रिक्स’ म्हणजे केस आणि ‘डर्मा’ म्हणजे कातडी, म्हणून ही केसाळ कातडीची. पुढे सव्वाशे-दीडशे वर्षं ती कुजक्या लाकडावरची एक बुरशी एवढीच राहिली. 1932 साली रिचर्ड वाइंडलिंग या संशोधकाने पाहिलं, की ही बुरशी दुसऱ्या बुरशीच्या तंतूला वेलासारखी वेटोळे घालते आणि तिला खाऊन टाकते. गंमत अशी, की त्याच्या हातातली बुरशी बहुधा तिची जवळची बहीण होती, असं पुढच्या अभ्यासकांचं मत पडलं. कुळकथेत अशी अदलाबदल चालायचीच. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिक बेटांवर अमेरिकी सैन्याचे सुती तंबू कुजवणारी बुरशीही याच घराण्यातली. वऱ्हाडातल्या कापूसवाल्यांनी हे नातं ध्यानात ठेवावं.

आता ज्वारीच्या दाण्यावरच्या शत्रुबुरशींकडे वळू. पूर्वीची गावठी ज्वारी दिवस लहान होऊ लागल्यावर निसवायची आणि पाऊस सरल्यावर कोरड्या हवेत पिकायची. 1964 साली सीएसएच-1 हा पहिला संकरित वाण आला. उत्पन्न वाढलं, पण कणीस लवकर तयार होऊन ऐन पावसात सापडू लागलं आणि ‘हायब्रीड काळी पडली’ हे वाक्य घरोघरी गेलं. भिजलेल्या कणसातले मूठभर दाणे हातावर घेऊन बघा. गुलाबीसर पांढरा कापूस दिसला तर बहुधा फ्युजेरियम, काळी मखमल दिसली तर कर्व्हुलेरिया, पिवळट हिरवी भुकटी असेल तर अॅस्परजिलस. पहिली आणि शेवटची नुसता दाणा बिघडवून थांबत नाहीत, त्यांच्यातल्या काही जाती दाण्यात विषही सोडतात.

अॅस्परजिलसच्या विषाची ओळख जगाला 1960 साली झाली. इंग्लंडमध्ये लाखावर टर्की पक्षी मेले आणि खापर फुटलं भुईमुगाच्या पेंडीवर. विषाला अफ्लाटॉक्सिन नाव मिळालं. 1974 साली पंचमहाल आणि बांसवाड्याच्या आदिवासी गावांत पावसात भिजलेला मका खाऊन शंभरावर माणसं यकृताच्या विकाराने दगावली. 1995 मध्ये दख्खनच्या काही गावांत अवकाळीने बुरसटलेली ज्वारी आणि मका खाऊन पोटदुखी-जुलाबाची साथ आली. त्यामागे फ्युजेरियमचं फ्युमोनिसिन होतं. या दोन्ही वेळी धान्य गरिबाचं होतं आणि ते टाकून देणं परवडणारं नव्हतं.

काट्याने काटा काढण्याचा एक वेगळा डाव अमेरिकेत आणि नायजेरियात खेळला गेला. अॅस्परजिलसचीच विष न करणारी वाणं शेतात सोडायची, म्हणजे विषारी भाऊबंदांना जागाच उरत नाही. ही वाणं शेतात नेतात ती निर्जंतुक केलेल्या ज्वारीच्या दाण्यावर चढवून! आपल्याकडे प्रयोगशाळेत ट्रायकोडर्मा वाढवायलाही उकडलेले ज्वारीचे दाणे वापरतात. घाटावर सोयाबीनने ज्वारीला बांधापर्यंत ढकललं, पण बुरशीच्या या बाळंतपणाला अजून तीच लागते.

तरी ट्रायकोचं सगळं बळ मातीत आणि बियाण्यापाशी. परतीच्या पावसात भिजणाऱ्या कणसावर तिची भिस्त ठेवू नये. तिथे वेळेवर कापणी आणि दाणा दाताखाली कट्कन वाजेपर्यंत वाळवण, हेच खरं. बुरसटलेल्या दाण्यातलं अफ्लाटॉक्सिन तव्यावरच्या आचेने पुरतं जात नाही.

आणि पुडी घेताना मागची तारीख वाचा. आतला माल जिवंत आहे. तारीख उलटली असेल किंवा खोकी उन्हात पडलेली दिसली, तर ती दुकानातच राहू द्या.