प्रतीक्षेचा प्रश्न : विंडोज आज्ञावलींच्या इतिहासातील एक प्रकरण

मेजावरील संगणकात चालणारी आज्ञावली आंतरजालावरील दूरच्या सेवेकडे मागणी पाठविते, तेव्हा उत्तराची वाट कोणी व कोठे पाहावयाची, हा प्रश्न वरवर क्षुल्लक भासतो. वस्तुतः त्याचे मूळ आंतरजालात नसून खुद्द विंडोजच्या रचनेत आहे. खिडकी ज्या थ्रेडवर निर्माण होते, त्यानेच तिचे संदेश रांगेतून एकेक उचलावयाचे, असा तेथील दंडक आहे. तो थ्रेड उत्तरासाठी खोळंबला की रांग तुंबते आणि खिडकी निश्चेष्ट होते.

व्हिज्युअल बेसिकच्या काळी यावर ‘डू-इव्हेंट्स’चा तोडगा रूढ होता. काम चालू असतानाच रांग उपसावयाची! अधीर माणसाने तेच बटण पुन्हा दाबले, की अर्धवट कामाच्या पोटात तेच काम नव्याने सुरू होई. 2002 साली आलेल्या डॉट नेटने ‘बिगिन’ व ‘एंड’ अशा जोड्या दिल्या. परंतु उत्तर परक्या थ्रेडवर येई आणि तेथून खिडकीस स्पर्श करणे निषिद्ध. 2005 च्या आवृत्तीत ‘सिंक्रोनायझेशन कॉन्टेक्स्ट’ने उत्तर मूळ थ्रेडवर पोचविण्याची सोय केली. पुढील संकटाचे बीज याच सोयीत होते, असे आमचे मत आहे.

भावी मूल्याची कल्पना याहून पुष्कळ जुनी. बेकर व ह्युइट यांनी 1977 मध्ये ‘फ्यूचर’चे, तर लिस्कोव्ह व श्रीरा यांनी 1988 मध्ये ‘प्रॉमिस’चे विवेचन केले. डॉट नेटमध्ये ती 2010 साली ‘टास्क’ या नावाने अवतरली; 2012 च्या सी शार्प 5 ने तीवर ‘असिंक’ व ‘अवेट’ हे शब्द चढविले. एफ शार्पने हा मार्ग आधीच चोखाळला होता, हे येथे नमूद केले पाहिजे.

नवी भाषा इतकी सुबोध, की जुनी सवय तीत सहज शिरली. बटणाच्या कार्यात ‘अवेट’ न लिहिता ‘रिझल्ट’ मागितला, की खिडकीचा थ्रेड टास्क संपेपर्यंत अडून राहतो. इकडे उत्तर येते. परंतु ‘अवेट’नंतरचा उरलेला भाग त्याच थ्रेडच्या रांगेत जाऊन पडतो. तो भाग चालल्यावाचून टास्क संपत नाही आणि टास्क संपल्यावाचून थ्रेड सुटत नाही. ‘एचटीटीपी-क्लायंट’ची 100 सेकंदांची मूळ मुदतही येथे निरुपयोगी ठरते, कारण मुदत संपल्याची वार्ताही त्याच तुंबलेल्या रांगेत येते. कन्सोलवरील आज्ञावलीत सामान्यतः असा कॉन्टेक्स्टच नसतो; म्हणून तेथे निर्दोष ठरलेले लेखन खिडकीत मात्र गोठते, आणि परीक्षक चकतो.

‘कॉन्फिगर-अवेट’ला ‘फॉल्स’ सांगून उरलेला भाग अन्यत्र चालविता येतो. ग्रंथालयरूप लेखनात ते इष्टच; पण एखाद्या ठिकाणी ते राहून गेले, तरी कोंडी पुन्हा उद्भवू शकते. यास्तव ‘अवेट’ची साखळी बटणाच्या कार्यापर्यंत अखंड नेणे, हाच खरा उपाय. केवळ त्या शेवटच्या कड्यास ‘असिंक व्हॉइड’ राहण्याची मुभा आहे, आणि तेथे उद्भवलेला अपवाद तेथेच झेलावा लागतो. वर वाट पाहणारे कोणी उरलेले नसते.